दाजींचं डोकं कधी दुखलं नाही

दाजी गेले त्याला मागच्या महिन्यात वर्ष झालं. वर्षश्राद्धाला दापोऱ्याच्या घरी तीन पंगती उठल्या आणि तिन्ही पंगतींत कोणी ना कोणी म्हणालं, "देवमाणूस होता." मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. तिसऱ्यांदा ते ऐकलं तेव्हा म्हणणाऱ्याच्या पानात जरा जास्तच वरण ओतलं. त्याचा भात वाहून गेला. माझ्या हातून झालेला निषेध एवढाच. तो पुरेसा वाटला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

हिरालालदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. दापोऱ्याला केळीची बागायत आणि जुनं घर, बुऱ्हाणपुरात दुमजली घर, ओट्यावर लोखंडी झोपाळा. सकाळी नऊ ते अकरा दाजी त्या झोपाळ्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या जगाला सल्ले देत. शेजाऱ्याच्या मुलानं कोणती लाइन घ्यावी, नगरपालिकेनं नाली कुठून काढावी, समोरच्या मास्तरांनी भागाकार कसा शिकवावा. मराठीत बोलता बोलता अधिकार गाजवायचा झाला की ते हिंदीत शिरत. "हमको मत सिखाओ," हे त्यांचं लाडकं वाक्य. वास्तविक त्यांना काही शिकवायला कोणी जातच नसे. तेवढा फुकट वेळ कोणाकडे असतो?

आपलं डोकं आयुष्यात एकदाही दुखलं नाही, हे ते पदवी मिळाल्यासारखं सांगत. "पंचावन्न वर्षांत एक गोळी नाही घेतली मी. विचारा या केमिस्टसाहेबाले." केमिस्टसाहेब म्हणजे मी. बुऱ्हाणपुरातच, शनवारा भागात माझं छोटं मेडिकल आहे. डोकं दुखायला आत काहीतरी असावं लागतं, असं मी मनात म्हणायचो. तोंडावर कधी बोललो नाही. बहीण दिली होती त्यांच्या घरात.

त्या बहिणीचं डोकं दुखायचं. आधी उजव्या डोळ्यापुढे नागमोडी उजेड नाचायचा, मग अर्ध्या डोक्यात कोणी पहार मारतंय असं व्हायचं, मग ओकाऱ्या. मागच्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावून, कपाळाला ओला पंचा घट्ट आवळून ती पडून राहायची. एक दिवस, कधी दोन. आठवड्यातून दोन-तीनदा हे ठरलेलं. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा आवाजही तिला सहन व्हायचा नाही.

अशा वेळी दाजी त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि लाइट लावत.

"पाहू तरी दे, खरंच दुखून राहिलं का."

ती हातानं डोळे झाकायची. दाजी तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघायचे आणि "नौटंकी" असं म्हणून निघून जायचे. लाइट तसाच. त्यांची मुलगी रुचिता पाच-सहा वर्षांची असल्यापासून एक काम न सांगता करायची. वडील गेले की स्टूल ओढायची, त्यावर चढायची आणि लाइट बंद करायची.

त्यांच्या हातात एक हुकमाचा पत्ता होता, आणि तो खोटा नव्हता हे मला कबूल केलं पाहिजे. ताईला हा त्रास सोळाव्या वर्षापासून होता. लग्न ठरताना आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घरात सगळ्यांना बजावलं होतं, डोक्याचा विषय काढायचा नाही. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मीही काढला नाही. ही गोष्ट दाजींना लग्नानंतर महिन्याभरात कळली आणि पुढची सव्वीस वर्षं त्यांनी ती जपून वापरली. दिवाळीला, लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर, ताटावर बसल्या बसल्या. "खराब माल दिला सासऱ्यानं. वरून घड पिवळाधम्मक, आतून काळा." लोक हसायचे. अण्णा होते तोवर तेही खाली बघून हसायचे.

आजार मान्य नसला तरी उपचार करायला दाजी सदैव तयार असत, कारण उपचारात सल्ला देता येतो. एका हिवाळ्यात त्यांनी ताईला एकवीस दिवस दुधात बुडवलेली मावाजिलेबी, आमच्याकडची ती खव्याची काळसर जिलेबी, खायला घातली. सूर्य उगवायच्या आत, पूर्वेकडे तोंड करून, एक शब्द न बोलता. अर्धशिशीला हा उपाय आमच्याकडे पुष्कळ लोक सांगतात. पण ते सांगून गप्प बसतात. दाजी स्वतः उठून जिलेबी समोर ठेवायचे आणि ती संपेपर्यंत मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे. बारा-तेरा दिवसांनी ताईला जिलेबीच्या नुसत्या वासानं ओकारी यायला लागली. एका सकाळी तिनं ती तोंडातून परत काढली, तर दाजींनी निकाल दिला की उपाय पक्का होता, बाईनंच मोडला. उरलेले आठ-नऊ दिवस ती जिलेबी त्यांनी स्वतः खाल्ली. सूर्य उगवल्यावर, झोपाळ्यावर बसून, भरपूर बोलत.

जिलेबीचं मी अजून हसून सांगू शकतो. तुकईथडचं नाही.

तुकईथडच्या बाजूला कोणी एक म्हातारा डाग देतो, असं दाजींना केळीच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं. हळकुंड पेटवून कानशिलावर टेकवायचं. ताई नको म्हणाली. रुचिता तेव्हा बारावीत होती, तीही नको म्हणाली. मी तर मेडिकलवाला, मी चांगला अर्धा तास बोललो. दाजी ऐकून घेऊन म्हणाले, "तुझ्या दुकानातल्या गोळ्यांनी काय झालं आजवर? हमको मत सिखाओ." त्यांचा हा प्रश्न बरोबर होता. तो किती बरोबर होता ते मला पुढे कळायचं होतं.

त्यांनी जीपमध्ये बसवून तिला नेलं. मीही गेलो. का गेलो? अडवायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी तिचे हात धरले. म्हाताऱ्यानं हळकुंड टेकवलं तेव्हा ताईच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त तिच्या हाताची नखं माझ्या मनगटात रुतली. परतीच्या वाटेवर खकनारच्या अलीकडे तिला जीपमध्येच उलटी झाली. दाजींनी गाडी एका विहिरीपाशी थांबवली, बादलीभर पाणी काढलं आणि सीट धुतली. आधी सीट. मग म्हणाले, "आता चार महिने दुखण्याकडे पाहायचं नाही." चौथ्या दिवशी ती पुन्हा गोधडीच्या अंधारात होती आणि कानशिलावर रुपयाएवढा फोड घेऊन होती. दाजी मात्र चार महिने ओट्यावरून लोकांना सांगत राहिले की डागानं फरक पडला.

आता माझ्या गोळ्यांचं सांगतो. दर आठवड्याला ताईचा फोन यायचा, "अनिल, संपल्या रे." मी दुखण्यावरच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या पाठवायचो. पुढे पुढे चार. अठरा वर्षं. कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी न मागता, भाऊ म्हणून. दाजींपेक्षा आपण बरे, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

इंदूरच्या डॉक्टरबाईंनी ते वाटणं मोडलं. डोकेदुखीवर नवे उपचार करणाऱ्या या बाईंबद्दल मला माझ्याच एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी तासभर ताईचं ऐकून घेतलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला मध्ये न तोडता ऐकत होतं. मग त्यांनी विचारलं, महिन्याला गोळ्या किती होतात? ताईनं आकडा सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अब ये गोलियां ही दर्द को पाल रही हैं," त्या म्हणाल्या. "कौन देता है इन्हें?"

मी म्हणालो, "मी."

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. दाजींकडे मी जसा आजवर मनातून बघत आलो होतो, तसंच ते बघणं होतं.

उपचार असा होता की आधी गोळ्या बंद करायच्या, आणि दर तीन महिन्यांनी कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे यांत बारीक सुईनं तीसेक ठिकाणी इंजेक्शन द्यायचं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायला वापरतात तेच औषध. पहिल्या खेपेला फरक पडेलच असं नाही, दुसरी-तिसरी खेप बघावी लागेल, आणि काहींना लागू पडतच नाही, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं.

परवानगी दाजींची हवी होती. ते आधी "सुरकुत्या" या शब्दावरच अडकले. "म्हणजे सिनेमातल्या बायका घेतात ती सुई? या वयात? कोणाले दाखवायचं आहे तोंड?" ओट्यावर बसून त्यांनी ही बातमी गल्लीभर केली. बायका ताईला विचारायला लागल्या, किती वर्षांनी लहान दिसणार गं? शेवटी दाजी तयार झाले, पण त्याचं कारण वेगळं होतं. रुचिताचं लग्न जमवायचं होतं. बघायला पाहुणे यायचे आणि घरची बाई मागच्या खोलीत गोधडीआड पडलेली असायची, हे बरं दिसणार नव्हतं. "लग्नापर्यंत करून टाका काय ते," ते म्हणाले. गाय दाखवायला न्यायच्या आधी तिला धुतात, तसं ते बोलले.

गोळ्या बंद केल्या तेव्हाचे पहिले दहा दिवस मी ताईच्या घरी होतो. त्यांबद्दल मी लिहिणार नाही. पहिल्या सुयांनी काही झालं नाही. दुसऱ्या सुयांनंतर महिन्याभरानं ताईचा फोन आला.

"अनिल, आज दुपारी मी काय केलं सांगू?"

"काय?"

"काहीच नाही. बसले होते. ऊन बघत बसले होते रे, अंगणात."

आठवड्याला दोन-तीन वेळा येणारं दुखणं महिन्यात दोनदा यायला लागलं, आणि आलं तरी संध्याकाळी सोडायचं. ताईच्या हाती दुपारी आल्या. ती दापोऱ्याच्या बागेत जायला लागली, बँकेचं पासबुक स्वतः भरून आणायला लागली, रुचिताची जुनी स्कूटी शिकली. आणि दाजींना उत्तर द्यायला लागली. फार नाही, एखादं वाक्य. पण आजवर दाजी बोलत होते ते अर्धमेल्या माणसाशी. शुद्धीवर असलेल्या बाईशी बोलायची त्यांना सवयच नव्हती. त्यात इंजेक्शननं तिचं कपाळ हलायचं नाही. दाजी ओरडायचे आणि ती तशीच शांत, सपाट कपाळानं बघत राहायची. एकदा माझ्या दुकानात येऊन त्यांनी तक्रार केली, "तिच्या कपाळाले आठीच नाही पडत रे. आपलं बोलणं आत जातं की नाही, काही पता नाही लागत."

मग रावेरचे पाहुणे आले. मुलगा पुण्याला इंजिनिअर, घरची केळी. रुचितालाही सतराव्या वर्षापासून तोच त्रास सुरू झाला होता, आईइतका नाही, पण महिन्यातून एकदा ती पडायचीच. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दाजींनी मला बोलावलं. कपाटातली सगळी औषधं, इंदूरच्या फाइली, रुचिताच्या गोळ्या, एका पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या.

"दोन दिवस तुझ्या दुकानात ठेव. ते लोक जाईपर्यंत."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सव्वीस वर्षं आमच्या अण्णांच्या नावानं बोटं मोडणारा हा माणूस, त्याच्या चेहऱ्यावर कसलीही अडचण नव्हती. आणि मी? मी पिशवी घेतली. स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि दुकानात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळं छान चाललं होतं. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "तब्येतपाणी ठीक ना मुलीचं?"

"एकदम फर्स्ट क्लास," दाजी म्हणाले. "आमच्या घराण्यात डोकं दुखणं काय असतं, ते माहीतच नाही."

ताई चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. तिनं ट्रे खाली ठेवला, सगळे कप आधी सगळ्यांच्या हातात दिले, आणि मग उभ्या उभ्याच बोलली.

"यांच्या घराण्यात नसेल. माझ्यात आहे, आणि माझ्या मुलीत आलं आहे. तिला अर्धशिशी आहे. महिन्यातून एक-दोन दिवस ती पडून असते, तेव्हा तिला अंधार लागतो आणि कोणी बोललेलं चालत नाही. मी इंदूरला उपचार घेते, मला गुण आला. तिलाही येईल. पण हे तुम्हाला आजच कळायला पाहिजे. लग्न झाल्यावर नाही."

तिचं कपाळ गुळगुळीत होतं, आवाज साखर किती विचारावी इतका साधा. त्यामुळे ती काय बोलून राहिली आहे हे दाजींना शेवटच्या वाक्यापर्यंत समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांच्या हातातली बशी वाकडी झाली आणि चहा पांढऱ्या पायजम्यावर सांडला.

पाहुणे चांगले होते. चहा संपवून, "कळवतो" म्हणून गेले. चार दिवसांनी, योग दिसत नाही, असा निरोप आला.

पण त्या दुपारी पाहुण्यांची गाडी गल्लीबाहेर पडायच्या आत दाजींनी तोंड सोडलं. पोरीचं वाटोळं केलं, घराची इज्जत घालवली, सुयांनी बाईचं डोकं फिरलं. "मी काय फसवून राहिलो होतो का? पोरीचं भलं पाहत होतो!"

"माझ्या वडिलांनीही तेच पाहिलं होतं," ताई म्हणाली. "त्याला तुम्ही सव्वीस वर्षं काय म्हणत आलात?"

"हमको मत," एवढंच म्हणून दाजी उठले. ते ओट्यावर गेले. थोड्या वेळानं तिथूनच ओरडले, "सुई बंद! माझ्या जीपमधून कोणी इंदूरला जायचं नाही."

ताई माझ्याकडे वळली. आपला भाऊ या प्रकरणात कुठे उभा होता हे तिला न सांगता कळलं होतं.

"अनिल, ती पिशवी घेऊन ये."

मी लगेच गेलो आणि आणली. तिनं उघडून फाइली नीट बघितल्या, गोळ्या मोजल्या नाहीत, कपाटात पूर्वीच्या जागी ठेवल्या. मी म्हणालो, पुढच्या वेळी मी येतो तुझ्याबरोबर इंदूरला. ती म्हणाली, "नको. तू दुकान बघ." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती एकटी बसनं जायला लागली. सकाळच्या गाडीनं निंबोला, आसीरगड, खंडवा करत इंदूर, आणि दुसऱ्या दिवशी परत. रुचितानंही पुढे इंदूरलाच एका कॉलेजात नोकरी धरली आणि त्याच डॉक्टरबाईंकडे जायला लागली. तिला आईइतक्या सुयांची गरज पडली नाही. दाजी दोघींशीही बोलेनासे झाले. घरात ते झोपाळ्याशी आणि टीव्हीशी बोलत. कोणी विचारलंच तर सांगत, "आमच्या बाईची अर्धशिशी गेली. तुकईथडच्या डागाचा गुण उशिरा आला, पण आला."

मागच्या थंडीत ते गेले. सकाळपासून छातीत जड वाटत होतं. बागेतल्या माणसानं दवाखान्यात चला म्हटलं तर त्यालाच ते पोटातल्या गॅसवर सल्ला देत बसले. दुपारी बारापर्यंत सगळं आटोपलं होतं. ताई रडली. सव्वीस-सत्तावीस वर्षं एका घरात काढल्यावर माणूस रडतोच, असं मी धरून चाललो. रात्रंदिवस बसलेल्या बायकांमध्ये ती डोकं न धरता, सरळ बसली होती.

मी दाजींना जिवंतपणी शेवटचं पाहिलं ते त्याआधी वीस-बावीस दिवस. माल सोडवायला सकाळी बस स्टँडवर गेलो होतो. इंदूरची गाडी लागलेली होती आणि ताई खिडकीशी बसली होती, शाल घेऊन, तोंड दुसरीकडे. मी हाक मारणार, तेवढ्यात मला रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बंद गाड्याआड दाजी उभे दिसले. चालत आले असावेत, जीप कुठे दिसत नव्हती. मफलर कानाला गुंडाळलेला. ते त्या खिडकीकडे बघत होते. गाडी सुरू झाली, मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली, तोवर ते बघत राहिले. गाडी दिसेनाशी झाल्यावरही दोन पावलं त्या दिशेनं चालले आणि थांबले.

मग वळले आणि त्यांना मी दिसलो.

लगेच त्यांनी शेजारच्या हातगाडीवाल्याला धरलं आणि मला ऐकू जाईल इतक्या जोरात सुरू केलं, "अरे, पेरू असे रचतात काय? मोठे खाली घाल, मोठे खाली. हमको मत सिखाओ." तो बिचारा एक अक्षर बोलला नव्हता.

मी माल घेऊन दुकानात आलो. ताईला हे मी सांगितलं नाही. तेव्हा नाही, ते गेल्यावर नाही, वर्षश्राद्धालाही नाही. सांगितलं तर ती त्यांना माफ करून टाकेल, हे मला माहीत आहे, आणि तेवढं त्यांना मिळू द्यायची माझी अजून तयारी नाही.